काळा गूळ आणि एक फर्माईश

सांगलीहून आष्ट्याकडं जाताना यंदाही तो वास आलाच. एसटीची माझ्या बाजूची खिडकी बंद होत नव्हती, त्याबद्दल कंडक्टरला मी चार शब्द ऐकवले होते, आणि पाचव्याच मिनिटाला त्या मोडक्या खिडकीचे उपकार मानायची वेळ आली. उकळत्या रसाचा वास. ज्यानं तो लहानपणी घेतलाय त्याला सांगावा लागत नाही, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगता येत नाही. गोड म्हणावा तर त्यात धूर असतो, धूर म्हणावा तर त्यात ओल्या पाल्याचा उग्रपणा असतो. शेजारच्या सीटवर कानात बोंडं घालून बसलेल्या मुलीनं नाकाला रुमाल लावला. आधी मला तिचा राग आला, मग कीव आली, आणि मग एकदम गाणं आठवलं.

वास गुळाचा आणि आठवतं गाणं, असं माझं गेली पन्नास वर्षं चाललं आहे. इतरांना गुळाच्या वासानं पुरणपोळी आठवते, संक्रांत आठवते. मला सतारीचे चार सूर ऐकू येतात, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती गायला लागते.

ती म्हणजे कोण, ते मी सांगणार नाही. तिच्यासाठी चाली बांधणारा तो कोण, तेही नाही. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, की बाबा, हिंदी सिनेमात वाट बघण्याची गाणी कुणाची, तर दोन नावं एका श्वासात येतील. पण आमच्याकडं एक रीत आहे. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माझ्या वहिनीनं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला. एखाद्या लग्नात बायकांनी दार अडवून धरलं तर उखाण्यात तेवढं दादाचं नाव, एरवी 'ह्ये' आणि 'त्ये'. जीव असलेल्या माणसाचं नाव तोंडावर आणायचं नाही, ते आत ठेवायचं. त्या दोघांच्या बाबतीत मला तीच रीत पाळावीशी वाटते.

वहिनीचाच निरोप होता. "गुऱ्हाळ लागलंय. येतीस का न्हाई?" फोनवर ती एवढंच बोलते. तिला वाटतं, जास्त बोललं की फोन गरम होतो.

गुऱ्हाळं आता फार राहिली नाहीत. ऊस सगळा कारखान्याला जातो, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात आणि त्यांच्यावर पोरांना आवडणारी गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली असतात की ऊसही घाबरून आधीच रस सोडत असेल. पण तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, नुकती लढाई होऊन गेली होती त्या दिवसांत, आमच्या मळ्याच्या बांधावर आबांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. आबा म्हणजे माझे वडील. दिवाळी सरली की इंजिन धडधडायला लागायचं, ते शिमग्यापर्यंत. चरकात ऊस जायचा, रस काहिलीत पडायचा. ही काहील म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी पसरट कढई. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारत बसायचं. रस उकळला की मळी वर यायची, ती काढून टाकायची. मग रस तांबूस, मग सोनेरी, मग घट्ट.

आणि तो नेमका कधी झाला हे फक्त एका माणसाला कळायचं. नाना गुळव्या. वाळला-चिरला म्हातारा, डोक्याला कायम मफलर, पण कान उघडे. कारण नाना गूळ डोळ्यांनी बघत नसे, कानांनी ऐकत असे. पाक होत आला की बुडबुड्यांचा आवाज बदलतो म्हणे. आधी तो भरभरा बोलतो, मग अडखळतो, मग फट्, फट् असा एकेक शब्द टाकतो. त्या फटफटीतल्या एका ठरावीक अंतरावर काहील उतरवायची. त्याच्याआधी उतरवली तर गूळ बसत नाही, पातळ राहतो. नंतर उतरवली तर काळा पडतो. त्यामुळं शेवटच्या काही मिनिटांत नानाचा हात वर गेला की सगळं थांबायचं. इंजिन बंद. माणसं गप. आबासुद्धा विडी ओढायचे थांबायचे.

"काहील बोलाय लागली की आपून बोलायचं न्हाई," नाना म्हणायचा.

मी तेव्हा सातवीत होते आणि गुऱ्हाळावर माझ्याकडं एकच काम होतं. नानाचा हात वर गेला की रेडिओ बंद करायचा.

तो रेडिओ दादाचा. दादा फौजेत होता. आमच्या भागात प्रत्येक घरटी एक तरी माणूस फौजेत असतोच, त्यात विशेष काही नाही. लग्न झालं त्या सुट्टीत त्यानं कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर आणला आणि सोप्यातल्या मेढीला, म्हणजे खांबाला, अडकवून दिला. गुऱ्हाळ लागलं की तो गुऱ्हाळावरच्या मेढीला यायचा. दादाला गाण्याचं वेड. आणि गाणी म्हणजे त्या दोघांची. बाकीच्या गाण्यांना तो शिट्टी वाजवायचा. त्या दोघांचं लागलं की हातातलं काम खाली ठेवायचा.

"सुमे, ऐक," मला म्हणायचा, "ह्यो बाबा तिला आधी थांबवतो बग. लगीच गाऊ देत न्हाई. आपल्याला वाटतं आता येईल, आता येईल. अन् मग येती."

मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, बाजा वाजवणाऱ्याचा हात चुकला असेल. पण वहिनी ऐकत असायची. चुलीपुढं पाठ करून भाकरी थापत असायची, पण तो म्हणाला, 'आता येईल', की तिचा हात पिठात थांबायचा.

वहिनी माणदेशातली, म्हसवडच्या पलीकडची. तिकडं पाणी नाही. मेंढरं, बाजरी आणि लांबच लांब माळ. तिचेही दोन्ही भाऊ फौजेत. आमच्याकडं आली तेव्हा उसाच्या फडात पाऊल टाकायला बिचकायची, म्हणायची, "एवढं हिरवं बगून गुदमरल्यागत हुतंय." आई माझ्या लहानपणीच गेलेली, त्यामुळं घरात बाई म्हणजे वहिनी आणि अर्धी बाई म्हणजे मी. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठी असेल. मला न्हाऊ घालायची, वेणी इतकी घट्ट घालायची की माझ्या भुवया वर जायच्या. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि दोन्ही सुट्ट्या मिळून नवरा-बायकोनं एकत्र काढलेले दिवस शंभरही भरत नव्हते.

दादाची पत्रं यायची ती आबांच्या नावानं. 'ती. आबांस शि. सा. नमस्कार वि. वि. मी इकडे खुशाल आहे. आपण घरची सर्व मंडळी खुशाल असाल.' मी ते सोप्यात बसून मोठ्यानं वाचायची. आबा डोळे मिटून ऐकायचे. वहिनी आतल्या दाराच्या आड उभी. पत्रात तिचं नाव कधीच नसे. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचं नाव घालायचं म्हणजे निर्लज्जपणा झाला असता. वेगळं पत्र लिहायचं तर ते पोस्टमनपासून गावभर सगळ्यांच्या तोंडी झालं असतं. 'सर्व मंडळी' या दोन शब्दांत म्हसवडहून आलेली एक पोरगी कुठंतरी असायची, तेवढंच. उत्तरही मीच लिहायची. आबा सांगायचे, मी लिहायची, आणि त्यातही ती 'सर्व मंडळी'च. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही, हे आता खटकतं.

मग दादानं एक तोड काढली. शेवटच्या सुट्टीत जाताना तो माझ्यादेखत वहिनीला म्हणाला, "चिठ्ठी आबांची. रेडिओ तुझा."

संध्याकाळी सातच्या सुमाराला फौजी लोकांच्या फर्माईशींचा कार्यक्रम लागायचा. निवेदन करणारी बाई गोड आवाजात नावं वाचायची. नायक अमुक, सिपाही तमुक, सिपाही आणखी कुणी, और उनके सब साथी. एकेका गाण्यामागं पाच-पाच, सात-सात नावं. कुठल्या कुठल्या चौक्यांवरनं, बराकींतून आलेली. दादाचं म्हणणं असं, की तो फर्माईश पाठवेल ती त्या दोघांच्याच एका गाण्याची. नाव सगळा मुलूख ऐकेल, आबा ऐकतील, गाव ऐकेल. पण गाणं कुणासाठी ते एकटीलाच कळेल. आणि त्याचा अर्थ एवढाच, की मी हाय. बरा हाय.

जे नाव तिला स्वतःच्या तोंडानं घेता येत नव्हतं, ते रेडिओवरची बाई तिच्यासाठी घेणार होती.

तसं दोनदा झालंही. पहिल्यांदा श्रावणात. दादाचं नाव चौथं होतं, कुणा पंजाबी आणि कुणा गढवाली नावांच्या मध्ये. वहिनी त्या दिवशी भाकरीला मीठ घालायला विसरली आणि आबांनी मुकाट खाल्ली. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आसपास. गाणं तेच. सतारीचे चार सूर, मग ती जागा, आणि मग तिचा आवाज. आणि मला पहिल्यांदा कळलं की बाजा वाजवणाऱ्याचा हात चुकलेला नाही.

दिवाळीनंतर सगळं बंद झालं. पत्र नाही, नाव नाही. दादाची पलटण वर बर्फात गेली आहे, एवढं आम्हाला शेवटच्या पत्रावरून ठाऊक होतं. मार्गशीर्ष गेला, पौष आला. पोस्टमन लांबून दिसला की आबा त्याच्याकडं पाठ करून उगीच बैलाचं दावं तपासायचे. लढाई झाली होती तेव्हा शेजारच्या गावात दोन तारा आल्या होत्या. तार कशी येते, कोण आणतं, ती वाचणारा आधी चपला बाहेर काढतो की नाही, हे सगळं आम्हा पोरांनाही माहीत होतं.

वहिनी रोज संध्याकाळी गुऱ्हाळावर जेवण घेऊन यायची. आधी ती डबा ठेवून लगेच फिरायची; आता काही ना काही निमित्त काढून थांबायला लागली. कधी काकवी न्यायचीय, कधी भांडं घासायचंय. चुलवाणाच्या उजेडात मेढीपाशी बसायची, रेडिओच्या बाजूला तोंड न करता. आणि दैवाचा खेळ असा, की दिवसातली शेवटची काहील नेमकी त्याच वेळेला व्हायला यायची. नावं वाचायला सुरुवात झाली, दोन नावं झाली, की नानाचा हात वर. मी रेडिओ बंद करायची. पाच-सात मिनिटांनी काहील उतरली की पुन्हा लावायची, तोवर निम्मा कार्यक्रम संपलेला. त्या पाच-सात मिनिटांत त्याचं नाव येऊन गेलं असेल काय? वहिनी रिकामा डबा उचलायची आणि चालायला लागायची. तिच्या मागनं जाताना मला माझ्या त्या रेडिओ बंद करणाऱ्या बोटांचा राग यायचा.

एकदा तिनं वाटेत विचारलं, "सुमे, आज किती नावं ऱ्हायली असतील गं?"

त्या रविवारी मी कार्ड लिहिलं.

मला हिंदीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. कार्यक्रमाचा पत्ता रोज ऐकून पाठ होता. दादाचा नंबर त्याच्या पत्रांमागं असायचा. मी दप्तराच्या आडोशाला बसून टाक बुडवून लिहिलं. 'आदरणीय बहनजी, मैं सीमा पर हूँ और यहाँ बहुत ठंड है.' मग ठळक अक्षरांत दादाचं नाव. खाली गाण्याचे पहिले शब्द. कार्ड अर्धं रिकामं राहिलं, म्हणून कोपऱ्यात एक फूल काढलं, मग फौजी फूल काढणार नाही हे लक्षात येऊन ते खोडलं. सोमवारी आष्ट्याला शाळेत जाताना पेटीत टाकलं. टाकताक्षणी वाटलं, हात घालून परत काढावं. पण पेटीचं तोंड लहान होतं.

ते वाचलं जाईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. लोक वर्षानुवर्षं कार्डं पाठवतात आणि नंबर लागत नाही. पण माघ लागला आणि एका संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. काहील होत आली होती. बुडबुडे अडखळायला लागले होते. इंजिन थांबलं होतं. माझा हात बटणावर होता आणि नाना हात वर करणार, एवढ्यात त्या बाईनं म्हटलं, 'सिपाही हणमंत...'

आबा उठून उभे राहिले. मी बटणावरचा हात काढला नाही, काढता आला नाही. नानाचा हात अर्धवट वर गेला होता. तो तसाच थांबला, मग हळूच खाली आला.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाला. "वाजू दे पोरी."

आणि लगेच गाणं लागलं. सतार. ती जागा. मग ती.

आम्ही सगळ्यांनी ते पूर्ण ऐकलं. चिपाडं सारणारा गडी हातातलं चिपाड तसंच धरून बसला. काहील तिचं बोलणं बोलत होती, फट्, फट्, आणि मग तीही गप्प होत चालली, पण त्या संध्याकाळी तिचं कुणीच ऐकलं नाही. गाणं संपलं तेव्हा करपल्याचा वास सुटला होता. नानानं उडी मारली, गड्यांनी काहील ओढली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली. काळीकुट्ट. डांबर.

आबा नानाकडं बघत राहिले. चाळीस वर्षांत नानाची काहील गेली नव्हती. नानानं मफलर सोडून तोंड पुसलं आणि हसला.

"जाऊ द्या आबा. काहील काय, उद्या बी हुतीय. पोरगं हाय न्हवं? बास झालं."

वहिनी पदराच्या आड हसत होती. खरंच हसत होती, मी बघितलं. तिनं वाफ्याच्या कडेचा कढत काळा गूळ उलथन्यानं उचलला, उसाच्या पानावर घेतला आणि खाल्ला. "कडू लागतोय," म्हणाली, आणि आणखी घेतला. आबांनी त्या संध्याकाळी सगळ्या आळीत चांगला गूळ वाटला. पोरगं खुशाल हाय, रेडिओत नाव आलं. मी एका ढेकळावर बसले होते आणि माझ्या वाटणीचा गूळ हातात तसाच होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरात सगळे हसत होते आणि ते हसू माझ्या खोटेपणावर उभं होतं. दादा जिवंत आहे की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातही आपल्याला ठाऊक नाही हे फक्त मला ठाऊक होतं. आता तार आली तर? वहिनीला मी खोटंच हसवून ठेवलं, आता ती दुप्पट कोसळेल. मी देवाला बोलले, की मला हिंदीत नापास कर, पण तार आणू नकोस. सिद्धनाथ वहिनीच्या माहेरचा देव, आमचा नव्हे, तरी त्यालाही बोलले.

पत्रं आली ती शिमग्याच्या आधी. एकदम पाच. बर्फानं वाट बंद होती, डाक अडकली होती. पाचही पत्रांत 'मी खुशाल आहे'. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्या पत्राच्या मध्यावर हुंदका फुटला. आबा म्हणाले, "खुळी का काय, आता रडती!" आतल्या दाराआडून काहीच आवाज आला नाही.

दादा चैत्रात आला. जेवताना आबांनी काळ्या गुळाची गोष्ट सांगितली. दादाचा घास तोंडाशी थांबला. "आँ? म्या तर तवा..." आणि त्यानं समोर बघितलं. समोर मी होते. माझं तोंड कसं झालं असेल देव जाणे. "व्हय की," दादा म्हणाला, "लावलं हुतं. इसरलोच." रात्रीचं जेवण तसं पार पडलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यानं माझा कान धरला आणि विचारलं, "हिंदीत किती मार्क हायत गं तुला?" मी रडायला लागले. त्यानं कान सोडला आणि डोक्यावर हात ठेवला. "वहिनीला सांगू नगंस," म्हणाला. "खुशीत हाय ती." आम्ही दोघांनी ते कधीच सांगितलं नाही.

ती काळी ढेप कोण विकत घेणार? सांगलीच्या पेठेत असल्या गुळाकडं ढुंकूनही बघत नाहीत. ती घरात राहिली आणि वर्षभर आम्ही चहात कडवट गूळ घातला. त्याची मला इतकी सवय झाली की पुढं लग्न होऊन सांगलीत आल्यावर पिवळाधमक गूळ पुरता गोड लागेना.

दिवस गेले. तो संगीतकार आणखी थोड्याच वर्षांत गेला. ती त्याच्यामागं कितीतरी वर्षं गात राहिली. चांगलं गायली, पण मला उगीच वाटायचं, की आता हिला गाण्याआधी थांबवणारं कुणी नाही. दादा पेन्शनीत आला, मळ्यात रमला, नातवंडं खेळवली आणि चार वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. रेडिओ अजून आहे. कातडं फाटलंय, त्याला वहिनीनं खणाचा तुकडा शिवलाय.

यंदा मी पोचले तेव्हा वहिनी गुऱ्हाळावरच होती, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायांवर शाल. आता गुळव्या तरुण आहे, तो काहिलीत थर्मामीटर घालतो. मला बघून ती म्हणाली, "वाळलीस." हे ती मला दरवर्षी म्हणते, मी दरवर्षी जाड होत असते. तिनं उसाच्या पानावर कढत गूळ घालून माझ्या हातात दिला. मी फुंकर घालत होते. तेवढ्यात ती काहिलीकडं बघत सहज बोलल्यागत बोलली.

"सुमे, त्ये कार्ड तू धाडलं हुतंस न्हवं?"

गूळ बोटाला चटका देत होता, तरी मला खाली ठेवायचं सुचलं नाही.

"दादानं सांगितलं?"

"त्ये काय सांगत्यात! तुमी दोघं भावंडं मला फसवून लय खूश हुता. म्हनलं, असू दे."

"मग तुला कसं कळलं?"

"आगं, फौजी कवा एकला फर्माईश धाडतो का? बराकीत एकानं कार्ड काढलं की सगळी गोळा हुत्यात. माझंबी लिव्ह, माझंबी लिव्ह. आमच्या भावांची तशीच यायची. ह्यांचं बी दोन्ही डाव तसंच आलं हुतं की. पाच-सा नावं असत्यात. अन् त्या दिशी एकट्याचं नाव आलं." तिनं शालीवर बसलेली माशी हाकलली. "नाव घेतलं तवाच कळलं, ह्ये घरनं गेलंय."

पन्नास वर्षं मी समजत होते की त्या दिवसांत खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. माझ्याशेजारी बसून तीही तेच ओझं वाहत होती, आणि वर हसत होती.

"मग हसलीस कशी गं तू?"

"तू बगत हुतीस न्हवं माझ्या तोंडाकडं. पोरीनं एवढं केलंय म्हनलं. अन् मामा, तुझं आबा, उभं ऱ्हायलेलं, नानानं काहील घालवलेली. कुनाकुनाला सांगू?" तिनं शाल नीट केली. "अन् खोटं म्हनशील तर, नाव तर घेतलं की त्या बाईनं. जित्त्या माणसाचं घेत्यात तसं घेतलं. त्येवढ्यावर चिठ्ठी येईस्तवर दिस काढलं बग म्या."

गुळव्यानं थर्मामीटर बघून हात केला. काहील उतरली. गूळ सोनेरी झाला होता, अगदी हवा तसा, आणि आम्हा दोघींपैकी कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

माझ्या हातातलं पान काढून घेत वहिनी म्हणाली, "अजून धाडत्यात का गं लोक कार्डं?"

"धाडतात. आता मोबाईलवरनंही धाडता येतं."

"मोबाईल नगं. कार्डच धाड. त्येच गाणं." मग माझ्याकडं न बघता, लग्नात उखाणा घ्यायला लावल्यावर लाजायची तशी लाजून म्हणाली, "अन् ह्या खेपेला एकट्याचं घालू नगंस."

काल सांगलीत पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलानं दोन कपाटं शोधून धूळ बसलेलं कार्ड काढून दिलं आणि मला विचारलं, "आजी, कुणाला लिहिताय?" मी कार्डावरची धूळ पदरानं पुसली आणि पैसे पुढं केले. घरी येऊन टेबलाशी बसले. आदरणीय बहनजी. पुढं दादाचं नाव लिहिलं, ठळक. मग 'और' लिहिलं आणि पेन थांबलं. आबांच्या सांगण्यावरून दादाला मी किती पत्रं लिहिली असतील, त्याची किती मोठ्यानं वाचली असतील; त्यातल्या एकाही कागदावर हे नाव आलं नव्हतं. मग 'सर्व मंडळी'तून तिला बाहेर काढलं आणि दादाच्या शेजारी लिहिलं.

मंगल.